उतरायचं कसं?
टेकडीवर सायकल नेणाऱ्या नवशिक्यांसाठी आठ सोपे पाठ

पुण्यात माउंटन बाइक प्रामुख्याने दोन ठिकाणी सापडते. एक, सोसायटीच्या पार्किंगमध्ये: खांबाला साखळीने बांधलेली, दोन्ही टायर बसलेले, सीटवर कबुतरांची मेहेरबानी. दोन, रविवारी सकाळी सातला डेक्कनवर एखाद्या इडलीच्या हॉटेलसमोर, म्हणजे जिथे माउंटन नाही नेमकी तिथे. या दोन्ही ठिकाणांहून तिची सुटका करून तिला एकदा तरी टेकडी दाखवावी, एवढ्याच हेतूने हे पाठ लिहिले आहेत.

पाठ घेणाऱ्याची पात्रता विचारणं हा पुणेकरांचा हक्क आहे, म्हणून आधीच सांगतो. वय ५३. टाके पाच, तेही दोन हप्त्यांत. चाक ‘आउट’ करून आणल्याचे प्रसंग तीन. उजव्या गुडघ्यावर मुरमाचा एक खडा कायमचा वास्तव्यास आहे. हा अभ्यासक्रम मी पूर्ण केलेला नाही. फक्त नापास होण्याचा अनुभव इतरांपेक्षा जास्त आहे.

सुरुवातीला भाषेचा एक मुद्दा लक्षात घ्या. मराठीत सायकलवर चढतात आणि टेकडीही चढतात. सायकलवरून उतरतात आणि टेकडीही उतरतात. दोन वेगळ्या क्रियांना आपण एकच क्रियापद ठेवलं, याला मी बरीच वर्षं भाषेचा आळस समजत होतो. तो आळस नव्हता, हे सहाव्या पाठात कळेल.

पाठ पहिला : सायकल

दुकानात गेलात की ‘बजेट किती?’ हा प्रश्न येतो. ‘कुठे चालवणार?’ हा प्रश्न येत नाही. उत्तर आपणच मनाशी ठरवून जावं.

तुम्हाला सांगितलं जाईल की सायकलला २१ गिअर आहेत. हिशेब असा असतो: पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साते एकवीस. यातल्या बऱ्याच जोड्या एकमेकींची नक्कल असतात आणि काहींमध्ये चेन इतकी तिरकी ओढली जाते की ती करकर करून निषेध नोंदवते. टेकडीवर खरा उपयोग सगळ्यात हलक्या चार-पाचांचा. हलका गिअर चढ लागण्याआधी टाकायचा. चढाच्या मध्यावर, सगळं वजन पायडलवर असताना टाकलात तर ‘कडाक्’ असा आवाज येऊन चेन पडते आणि पाठोपाठ तुम्ही.

पुढच्या चिमट्याला दबणारी स्प्रिंग असते. स्वस्त सायकलीत ती बहुधा वजन वाढवण्याचं काम इमानाने करते. त्यापेक्षा ब्रेक चांगले घ्या आणि खोल नक्षीचे रुंद टायर घ्या. स्टँड काढून टाका; खडबडीत उतारावर तो पैंजणासारखा वाजतो. घंटी मात्र काढू नका. पट्टीचे डोंगरी सायकलस्वार घंटीला हसतात. त्यांनी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर एकदा येऊन पाहावं.

सायकल साधी असल्याची लाज बाळगू नका. ज्या खेळासाठी आज लोक मोटारसायकलीच्या किमतीच्या सायकली घेतात, तो खेळ भंगारातून आला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७०च्या दशकात काही रिकामटेकड्या पोरांनी तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडल्या. १९७६मध्ये तिथे शर्यत सुरू झाली. तिचं नाव ‘रीपॅक’. मागच्या चाकात असलेला पायडल उलटं दाबायचा ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोहोचलं की ते पुन्हा भरायचं, म्हणून रीपॅक. १९९६मध्ये हाच खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला.

रीपॅकच्याच काळात मुळशी-मावळातले आमचे गवळी काळ्या ॲटलस सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या लावून, खडीच्या आणि मुरमाच्या वाटांनी, एक थेंब न सांडता पहाटे शहरात पोहोचत होते. त्यांना कुणी ऑलिंपिकला बोलावलं नाही. दूध उशिरा पोहोचलं असतं म्हणून ते गेलेही नसते.

पाठ दुसरा : हवा आणि डोकं

नवशिक्या टेकडीवर निघाला की आधी हवा कडक भरून घेतो. हे चूक आहे. कडक टायर दगडावर टेनिसच्या चेंडूसारखा उडतो. थोडा मऊ टायर दगडाला धरून चालतो. डांबरावर ५० पौंड असेल, तर टेकडीच्या पायथ्याशी ३०-३५ पर्यंत उतरवा. त्याहून खाली गेलात तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चरवाला ती बघून काही न बोलता तुमच्याकडे बघतो. त्याला सगळं समजलेलं असतं.

कोणत्या हाताला कोणता ब्रेक, हे सपाटीवर तपासा. उतारावर तपासू नका. थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये जास्त, आणि तुम्हाला हँडलवरून पुढे पाठवण्याची ताकदही त्यातच. म्हणून तो एका बोटाने, थोडा थोडा दाबायचा, आणि वजन मागे न्यायचं.

हेल्मेट. या विषयावर पुण्यात बोलणं जोखमीचं आहे; हेल्मेटसक्तीविरुद्ध इथे आंदोलनं झाली आहेत. त्यामुळे मी सक्ती करत नाही. टेकडीवरचा बसाल्टचा कातळ आपल्या बाजूने कोणाशीही चर्चा करत नाही, एवढीच नोंद करून पुढे जातो.

पाठ तिसरा : वाटांची प्रतवारी

परदेशात डोंगरी सायकलच्या वाटांना रंग आणि आकार देतात: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा, पत्त्यांतल्या चौकटचा आकार अवघड, आणि तसे दोन काळे चौकट म्हणजे विमा तपासून घ्या. ही पद्धत बर्फावर घसरण्याच्या खेळातून आली. आपल्याकडे बर्फ नाही, पाट्याही नाहीत. पाट्या आहेत, पण त्या ‘येथे पाटी लावू नये’ अशा स्वरूपाच्या.

म्हणून मी देशी प्रतवारी वापरतो. तिचं परिमाण म्हणजे टेकडीवर रोज येणारे आजोबा.

आजोबा चपला घालून, हात मागे बांधून, राजकारणावर बोलत चालतात, ती हिरवी वाट.
आजोबा बूट घालतात आणि राजकारण थांबवून पायाखाली बघतात, ती निळी वाट.
आजोबा काठी टेकवून थांबतात आणि ‘इकडून कुठे चाललास रे?’ असं विचारतात, ती काळी वाट.
जिथे आजोबाच नाहीत, फक्त शेळ्या आहेत आणि त्याही वळसा घालून जातायत, तिथे तुमचं काही काम नाही.

ही पद्धत आजवर चुकलेली नाही. पाऊस पडला, वाट खचली, झाड आडवं झालं, की प्रतवारी दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप बदललेली असते.

पाठ चौथा : हिरव्या वाटा

पहिले काही रविवार कालव्याच्या काठी काढा. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या बाजूने शहरात येतो. जिथे काठाची कच्ची वाट मोकळी आहे, तिथे ती नवशिक्यासाठी आदर्श आहे, आणि त्याचं कारण पाण्याकडे आहे. पाण्याला चढ चालत नाही. ते आपल्या वजनाने वाहावं म्हणून इंग्रजांच्या काळात हा कालवा नावापुरता उतार देऊन, जमिनीच्या कलाकलाने वळवत आणला. त्यामुळे पाण्याच्या दिशेने जाताना तुम्हाला उतार आहे हे कळत नाही, फक्त आज आपण बरे चालवतोय असं वाटतं. परतताना वाटत नाही. एकच सूचना: नजर पाण्याकडे लावू नका. सायकल नजर जाते तिथेच जाते, हा या विद्येतला पहिला आणि शेवटचा नियम. दगडाकडे बघत ‘हा दगड चुकवायचा’ म्हणालात की चाक बरोबर त्या दगडावर. दोन दगडांच्या मधल्या फटीकडे बघा. कालव्याबाबतही तेच.

तळजाईचा चढ, पाषाणच्या तलावाचा परिसर, खडकवासल्याच्या मागच्या गावांतले कच्चे रस्ते, हे पुढचे धडे. जंगलाच्या फाटकावर सायकलला मनाई लिहिली असेल तर बाहेरूनच फिरा. रखवालदाराशी संविधानावर चर्चा करू नका. त्याची ड्युटी आठपर्यंत असते आणि त्याला वेळ असतो.

पाठ पाचवा : निळ्या वाटा

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा मानली जाते, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. म्हणजे शहरापेक्षा सव्वादोनशे-अडीचशे मीटर वर. आकडा किरकोळ वाटतो. गोष्टही किरकोळच आहे, पण ती पायांना सांगून बघा.

वर पोहोचलात की बक्षीस मोठं आहे. माथा बराचसा सपाट, मध्ये दगडाची जुनी खाण आणि तिच्यात साठलेलं पाणी, पलीकडे वेताळबाबाचं देऊळ, आणि नशीब असेल तर मोर. खाणीभोवतीच्या वाटांवर मुरूम, कातळ, मुळ्या, खळगे, सगळे नमुने थोडे थोडे आहेत. एखाद्या शिक्षकाने मुद्दाम मांडून ठेवल्यासारखे.

इथला खरा विषय म्हणजे मुरूम. आपल्या टेकड्या बसाल्टच्या. खाली काळा टणक कातळ आणि वर त्याचाच झिजून झालेला मुरूम. सायकलच्या दुकानात कधी छर्रे सांडलेले पाहिलेत? तसा हा कातळावर सांडलेला असतो. त्यावर चाक वळवत असताना ब्रेक दाबला की चाक वळत नाही, निघून जातं. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवर. वळणात बोटं सैल. उतारावर सीटवरून किंचित उठायचं, दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायचे, कोपर आणि गुडघे ढिले सोडायचे. सायकलला तुमच्याखाली नाचू द्यायचं. आपण फक्त यजमान.

मी हे सगळं वाचून, पाठ करून गेलो होतो. खाणीच्या वळणावर दोन बोटं आपोआप आवळली गेली आणि पुढच्या क्षणी मी टेकडीवर आडवा होतो, चार ज्येष्ठ नागरिकांच्या पायाशी. त्यांनी आधी घड्याळात पाहिलं. मग एकजण म्हणाले, “काल एक पडला होता तो थोडा पलीकडे पडला होता.” दुसरे म्हणाले, “नाही हो, हीच जागा.” त्यांचं एकमत होईपर्यंत मी उठू नये अशी माझी भावना झाली.

पाठ सहावा : काळ्या वाटा

सिंहगड. माथा १३०० मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून सातशेपेक्षा जास्त मीटर वर. गोळेवाडीहून चढणारा घाट डांबरी आहे, त्यामुळे त्याला डोंगरी वाट म्हणावं का, यावर जाणकारांत वाद आहे. वाद घालणारे सगळे गाडीने वर जाऊन पिठलं-भाकरी खाता खाता तो घालतात. तुम्ही सायकलने वर गेलात तर कोणत्याही वादात न पडता तीच पिठलं-भाकरी तुम्हाला वेगळी लागेल. उतरताना मात्र ब्रेक सतत दाबून ठेवू नका, तापतात. दाबा, सोडा, दाबा, सोडा. रीपॅकचा धूर आठवा.

कात्रज ते सिंहगड ही डोंगरधार गिर्यारोहकांची लाडकी आहे. जुन्या कात्रज बोगद्याजवळून, वाघजाईपासून सुरू होऊन एकामागून एक टेकड्या चढवत-उतरवत ती सिंहगडाच्या रस्त्याला लावते. या वाटेवर सायकल नेणं म्हणजे सायकलने तुमच्या खांद्यावर बसून सिंहगड पाहून येणं. हौस असेल तर तिला जरूर दाखवा.

माझा काळा पाठ मात्र बोपदेव घाटाच्या वर, कानिफनाथाच्या डोंगराच्या अंगाला झाला. दिवाळी होऊन गेली होती, गवत पिवळं पडलं होतं. वाट एका पावलाची, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला घाणेरीची जाळी. मी वरून येत होतो, आणि त्या दिवशी सगळं जमत होतं. कोपर ढिले, बोटं सैल, नजर पुढे. वेग असा की आपण ५३चे नसून २३चे आहोत असा संशय यावा.

वळणावर समोर गवताचा भारा दिसला. भाऱ्याखाली दोन पाय. त्या बाई सावकाश चढ चढत होत्या, मानेत जरा हिसका नाही, पावलात घाई नाही.

डोंगरी सायकलीच्या जगात वाटेचे नियम ठरलेले आहेत. चालणाऱ्याला सायकलवाल्याने वाट द्यायची. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. त्या बाई चालत होत्या, चढत होत्या, आणि वर डोक्यावर ओझं होतं. एवढ्या बाजूंनी मी चुकीचा आयुष्यात क्वचितच होतो. तरीही सायकलवर बसूनच कडेने निघून जाता येईल असं मला वाटलं. वाटलं, म्हणून गेलो. पुढचं चाक मुरमावर सरकलं, आणि मी सायकलसकट घाणेरीत.

बाई थांबल्या. भारा तसाच ठेवून, मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांनी मला पाहिलं. हातपाय शाबूत आहेत याची खात्री झाल्यावर म्हणाल्या, “भाऊ, उतरायला काय पैसं पडत्यात व्हय?”

आणि निघून गेल्या. माझ्या मोजणीप्रमाणे एकही गवताची काडी पडली नाही.

जाळीत बसून मला भाषेचा मुद्दा उमगला. ज्याला सायकलवरून वेळेवर उतरता येतं, त्यालाच टेकडी उतरता येते. चढतानाही तेच: दम संपला की उतरा, ढकला, पुन्हा चढा. ‘पाय न टेकता वर गेलो’ हे सांगायला छान असतं. ऐकणाऱ्याला टेकडीची उंची ठाऊक नसते आणि तुमच्या छातीचे ठोकेही. मी आता प्रत्येक फेरीत किमान तीनदा उतरतो. टाक्यांचा तिसरा हप्ता अजून भरावा लागलेला नाही.

पाठ सातवा : पडल्यावर काय करावे

पडल्यावर आधी स्वतःकडे बघा, मग सायकलकडे. अनुभवी लोक उलटं करतात. ते त्यांच्या घरच्यांना माहीत आहे.

पडला नाहीत तरी सराटे तुम्हाला गाठतीलच. पावसाळा संपला की कोरड्या वाटांवर हे चिमुकले, कसेही पडले तरी एक काटा वर धरून बसणारे गोखरू पसरलेले असतात. टायरमध्ये सराटा दिसला की उपटायचा मोह होतो. उपटू नका. आत रुतून बसलेला काटा बऱ्याचदा स्वतःच भोक बुजवून धरतो. हवा हळूहळू जाते आणि तुम्ही पायथ्याच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता. उपटलात तर तिथेच बसावं लागतं.

जवळ ट्यूब आणि पंप असेल आणि स्वतः बदलत असाल, तर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू. मी पहिल्यांदा हे केलं नाही. मोडलेलं टोक आतच होतं, आणि पाचव्या मिनिटाला नवी ट्यूबही जुनी झाली. बोटाला टोचलं की सापडलं. या एका कामात टोचणं ही आनंदाची बातमी आहे.

पाठ आठवा : वाट कोणाची

पावसाळ्यात टेकडी इतकी हिरवी होते की सायकल आपोआप दाराकडे वळते. तिला थांबवा. कसोटी सोपी आहे: चाकामागे खोल रेघ उमटत असेल तर वाट ओली आहे, उतरा आणि परत फिरा. त्या रेघेत पुढच्या सरीचं पाणी शिरतं, पाणी माती नेतं, आणि एका मोसमात पायवाटेचा ओहोळ होतो. पाऊस थांबून दोन दिवस कडक ऊन पडलं की या. टेकडी तिथेच असते.

म्हणजे अजून तरी असते. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढायचा बेत बरीच वर्षं चर्चेत आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवण्यासाठी हजारो लोक मोर्चाने चालत गेले. रोज टेकडी चढणारी माणसं त्या दिवशी रस्त्यावर उतरली. ‘उतरणे’चा हा तिसरा अर्थ. अभ्यासक्रमात तोही आहे, आणि त्यासाठी सायकल लागत नाही.

या वाटा कुठल्याही सायकल क्लबने आखलेल्या नाहीत. गुरं, गवताचे भारे, देवळात जाणारे, घड्याळात पाहून चालणारे आजोबा, अशांच्या पायांनी त्या पडल्या आहेत. आपण त्यांच्यावर फार उशिरा आलेले, दोन चाकांचे पाहुणे. पाहुण्याने घंटी वाजवावी, नमस्कार करावा, आणि गरज पडली तर खाली उतरावं.

तेव्हा येत्या रविवारी खांबाची साखळी सोडा, सीट पुसा, हवा बघा. सकाळी सहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, पंचवटीच्या बाजूला या. येताना पंप आणा. माझा बिघडला आहे.